दोन वह्यांची एक वही



वसंतातल्या संध्याकाळी काव्य-संगीताची अपेक्षा धरून आलेल्या श्रोत्यांपुढे आम्ही हिशेबाच्या वह्या उघडणार आहोत, याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषय रुक्ष खरा; परंतु आमच्या हातून त्यात झालेल्या एका चुकीमुळे एकाची द्राक्षबाग भर चैत्रात पाण्यावाचून राहिली होती.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांत मांडावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध क्रमांकासारख्या खुणेने जुळवावा, हे त्याचे सार. आपल्या पेढ्यांना यात फारसे नवल वाटू नये. गिऱ्हाइकाचे खातेपान खतावणीत, रोजची मागणी रोजकीर्दीत आणि दोहोंना जोडणारा पानाचा आकडा, हीच ती रीत.

एकलहऱ्यात व नाशिकरोडला पंप विकणारे एक दुकान आहे. नाव सांगत नाही. दोन्ही ठिकाणी कॉम्प्युटर, दोन्हींत निराळा डेटाबेस. ते एक करण्याचे काम आमच्याकडे आले. पहिली अडचण लगेच दिसली. येथला ११२ क्रमांकाचा ग्राहक आणि तिथला ११२ क्रमांकाचा ग्राहक ही दोन वेगळी माणसे. म्हणून सर्वांना नवे क्रमांक दिले आणि प्रत्येक मागणीवरही नवा क्रमांक घातला. येथवर ठीक. पण दोन्ही दुकानांत जाणारा माणूस दोनदा नोंदला गेला होता. तेव्हा नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव जुळले की ती खाती एक करावी, असे आम्ही ठरविले.

आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते काय? होते! पण त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता. किसनचा मुलगा रामा, रामाचा मुलगा किसन. आणि मूळच्या किसनचा बापही रामाच असला, तर आजा आणि नातू कागदावर हुबेहूब एक होतात. गाव एक, आडनाव एक. आजोबाची जुनी थकबाकी अशी नातवाच्या पानावर गेली. नातवाने नव्या पंपाची मागणी नोंदविली, तेव्हा थकबाकीदार म्हणून ती आपोआप अडकून पडली. तो दुकानात येऊन म्हणाला, “साहेब, आजा वारला तेव्हा मी शाळेत होतो.”

वास्तविक आम्ही रुजवात घेतली होती. एकीकरणाआधीच्या मागण्या आणि नंतरच्या मागण्या सारख्या. येणे रक्कम पै-पैशाने सारखी. रुजवातीने आमची फसवणूकच केली म्हणायची, कारण एकाचे देणे दुसऱ्याच्या पानावर गेले तरी बेरीज बदलत नाही. त्यात जुने क्रमांक आम्ही निरुपयोगी म्हणून पुसून टाकले होते. कोणती मागणी मूळ कोणाची, हे मग कागदी पावत्या काढून एकेक पाहावे लागले.

नावे जुळविण्याच्या या कामाचा शास्त्रीय विचार पुष्कळ आधी झाला आहे. १९४६ साली हाल्बर्ट डन याने जन्ममृत्यूच्या नोंदी जोडण्यासंबंधी लिहिले. १९६९ साली फेलेगी आणि संटर या दोघांनी त्यास गणिताची बैठक दिली. नोंदींच्या जोड्यांचे त्यांनी तीन ढीग केले: खात्रीने एक, खात्रीने निराळ्या, आणि तिसरा संशयाचा, जो माणसाने डोळ्यांनी तपासायचा. आम्ही दोनच ढीग केले होते. घाई, दुसरे काय! स्त्रियांच्या बाबतीत तर उलट प्रकार घडतो. लग्नानंतर नाव बदलले की एकाच बाईची दोन खाती होतात आणि नावे जुळविणाऱ्या यंत्राला ती कधीच एक दिसत नाहीत. फोनवरून ओळखावे, तर एकच फोन सगळ्या घराचा.

दुसऱ्या खेपेस जुना क्रमांक दुकानाच्या खुणेसह प्रत्येक नव्या खात्याशेजारी कायम ठेवला. तिसरा ढीग दुकानातल्या एका जुन्या नोकराला वाचून दाखविला. पंचक्रोशीतली घरे त्याला तोंडपाठ. “हा मळ्यातला, तो गावठाणातला,” असे सांगत त्याने दोन दुपारींत बहुतेक ढीग निकालात काढला. दोन खाती मात्र त्यालाही उलगडली नाहीत. ती आम्ही निराळीच ठेवली आहेत. त्यांतले दोघे गृहस्थ दुकानात एकाच वेळी आलेले अद्याप कोणी पाहिलेले नाहीत.