खेळणं वेगळं, सराव वेगळा

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील बदल’ या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तो विषय तुमच्यातल्या निम्म्या लोकांना रोज ऑफिसात भोगावा लागतो आणि उरलेल्यांना त्याचा कंटाळा आहे. म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला. मी पूलबद्दल बोलणार आहे. पोहण्याचा नव्हे, टेबलावर काठीने बॉल मारतात तो.

काहींच्या भुवया वर गेल्यात. साहजिक आहे. आपल्या कॉलेजच्या काळात पूल पार्लर म्हणजे वाया गेलेल्या मुलांची जागा. त्याच्यासमोरून जायचं टाळायला मुली रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. खरं तर या खेळाच्या भावंडांशी आपला संबंध चांगला जुना आहे. बिलियर्ड्सचे विल्सन जोन्स 1922 साली पुण्यात जन्मले. 1958 मध्ये कलकत्त्यात ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. पण ही नावं तेव्हा आपल्यापर्यंत पोचली नाहीत, निदान मुलींपर्यंत तरी नाहीत.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी क्यू हातात धरला. आमच्या ऑफिसात एक टेबल आहे, जेवणानंतर तिथे गर्दी असते. तिथे दहा-दहा वर्षं रोज खेळणारी माणसं आहेत आणि त्यांचा खेळ पहिल्या वर्षी जिथे होता तिथेच आहे. हुशार माणसं आहेत, हात सरळ आहेत, हौस तर इतकी की मीटिंगला उशीर होतो. मग सुधारणा का नाही? या प्रश्नापायी मी शनिवारी सकाळी एका क्लबात जाऊ लागले. तिथे एक मार्कर काका आहेत. मार्कर म्हणजे गुण मोजणारे, टेबलाची निगा राखणारे. आयुष्य त्यांनी टेबलाच्या कडेला उभं राहून काढलंय.

पहिल्या दिवशी काकांनी टेबलावरचे सगळे रंगीत बॉल उचलून पेटीत ठेवले. फक्त पांढरा ठेवला. म्हणाले, “ताई, हा समोरच्या कुशनवर मारा. सरळ परत येऊन तुमच्या क्यूच्या टिपेला लागला पाहिजे.” टेबलाच्या बरोबर मध्यरेषेवरून बॉल जायचा आणि त्याच रेषेवरून परत यायचा. ऐकायला सोपं. करून बघा. बॉल थोडा उजवीकडे येतो, थोडा डावीकडे. म्हणजे एकतर क्यू मधोमध लागला नाही आणि बॉलला फिरकी बसली, नाहीतर क्यू वाकड्या रेषेत गेला. यातलं काय झालं ते कळायला पट्ट्याचा बॉल घ्यायचा, पट्टा उभा धरून ठेवायचा. फिरकी बसली की पट्टा डुगडुगतो. टिपेच्या खडूचा ठिपकाही बॉलवर उमटलेला दिसतो.

दोन आठवडे मी एवढंच केलं. तुम्हाला पुस्ती आठवते ना? दोन रेघांची वही आणि त्यात गिरवलेला कित्ता. बाई आपल्याला निबंध लिहायला नंतर सांगायच्या, आधी ‘ग’चा काना सरळ. तेच हे.

आता थोडं गणित. सर समोर बसलेत म्हणून धीर करून सांगते. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटर व्यासाचा असतो. समजा, पांढरा आणि रंगीत बॉल एक मीटर अंतरावर आहेत आणि त्यापुढे एक मीटरवर कोपऱ्याचं पॉकेट आहे, तिन्ही एका रेषेत. तुमचा पांढरा बॉल एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकला. एक मीटर जाईपर्यंत तो पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकतो. पण दोन गोल एकमेकांवर आदळतात तेव्हा ही चूक तेवढीच राहत नाही. या अंतरात ती सोळापट होते. रंगीत बॉल साधारण 1.6 अंशाने भरकटतो आणि पॉकेटापाशी पोचेपर्यंत जवळजवळ 29 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. पॉकेटचं तोंड साधारण 114 ते 117 मिलिमीटर. त्यात अर्धी जागा बॉलच घेतो. म्हणजे दोन्ही बाजूंना सूट उरते ती जेमतेम तेवढीच. पावणेदोन मिलिमीटर, आणि बॉल पॉकेटच्या ओठाला थडकून बाहेर. ‘आज नशीब नव्हतं’ असं आपण म्हणतो त्यातला बराचसा हिशेब इथे आहे.

म्हणून नेम सुधारण्याआधी फटका सुधारावा लागतो. नेम बरोबर असून क्यू वाकडा गेला तर डोळ्याला कसं कळणार कोण चुकलं?

फटका सरळ जायला शरीराने काय करायचं, तर जितकं कमी हलेल तितकं चांगलं. दंड स्थिर, कोपरापासून खाली हात लोंबता, घड्याळाच्या लंबकासारखा. क्यू बॉलला लागतो त्या क्षणी हा खालचा हात उभा, जमिनीशी काटकोनात असावा. हनुवटी क्यूच्या वर, जवळ. मूठ सैल. मूठ आवळली की मनगट फिरतं आणि क्यूचं शेपूट बाजूला सरकतं. आपण स्त्रिया पोळपाटावर लाटणं ज्या हलक्या हाताने फिरवतो, तेवढाच जोर. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते हसले, पण दुसऱ्या दिवशी एका पोराला तेच सांगत होते. पोराने लाटणं कधी हातात धरलं होतं की नाही देव जाणे.

एक गोष्ट माझ्यातल्या इंजिनिअरला फार दिवस छळत होती. सगळे सांगतात, बॉल लागल्यावरही क्यू सरळ पुढे जाऊ द्या. पण टिप आणि बॉल यांचा स्पर्श टिकतो सेकंदाचा साधारण एक हजारावा भाग. त्यानंतर बॉल निघून गेलेला असतो. तुम्ही क्यू पुढे न्या नाहीतर आकाशात उडवा, त्याला काय फरक पडतो? उत्तर असं की बॉलला पडत नाही, तुम्हाला पडतो. पुढे क्यू कुठे थांबला हा आधी काय झालं त्याचा पुरावा. शेवटी क्यू डावीकडे वळलेला दिसला तर वळण बॉलच्या आधीच सुरू झालेलं असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे फटका मारून झाल्यावर तसंच खाली वाकून राहायचं आणि क्यूकडे बघायचं. लोक काय करतात, तर बॉल गेला का बघायला टुणकन उभे राहतात. पुरावा नष्ट.

आणि हो, विचार उभ्याने करायचा. कुठला बॉल, कुठलं पॉकेट, किती जोर, सगळं उभं असताना ठरवायचं. खाली वाकल्यावर दोन-तीनदा क्यू मागेपुढे, क्षणभर थांबा, फटका. वाकलेलं असताना शंका आली तर सरळ उभं राहायचं, लाजायचं नाही.

मग ज्यांची शैली पुस्तकाबाहेरची आहे असे खेळाडू? फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस मनिलातल्या काकांच्या पूल हॉलमध्ये लहानाचा मोठा झाला, 1999 मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. त्याचा फटका लांब, सैल, झोके घेणारा. उलट इंग्लंडच्या स्टीव्ह डेव्हिसला वडिलांनी जो डेव्हिसचं पुस्तक समोर ठेवून स्नूकर शिकवलं; आपल्याकडे गाइड समोर ठेवून शिकवतात तसं. तो सहा वेळा जगज्जेता झाला आणि पुढे पूलही खेळला. माझं मत विचाराल तर चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने डेव्हिसच्या वाटेने जावं. रेयेससारखे झोके घ्यायला पाचव्या वर्षी टेबलावर झोपावं लागतं.

चाळिशीवरून आठवलं. चाळिशी म्हणजे चष्मा. खाली वाकून टेबलभर बघताना नजर भिंगाच्या वरच्या कडेतून जाते आणि वर फ्रेमची काडी आडवी येते. आपल्या वयाच्या माणसाला हा अडथळा खराच आहे. उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर भिंगं उंच बसवलेला, उलटा घातल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा वापरायचा. लोक हसायचे. 1985 च्या जागतिक स्नूकर स्पर्धेत याच चष्म्याने त्याने स्टीव्ह डेव्हिसला 18-17 असं हरवलं, तेही शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर. माझ्या चष्मेवाल्याला मी त्याचा फोटो दाखवला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मुकाट्याने माप घेतलं.

आता मुख्य मुद्दा, सरावाचा. ऑफिसातली मंडळी रोज खेळतात, सराव एक दिवसही करत नाहीत. खेळात अवघड बॉल एका डावात एकदा येतो, तो चुकला की पाळी दुसऱ्याची. तोच बॉल पुन्हा तिथेच ठेवून दहादा मारायला खेळात जागा नाही. मी कागदाच्या छोट्या गोल चिकट्यांनी बॉलच्या जागा टेबलावर ठरवते आणि वहीत मांडते: दहापैकी किती. सरळ एक मीटरचा तोच शॉट पहिल्या महिन्यात दहापैकी तीन होता. पाच महिन्यांनी सहा. मध्ये सात आठवडे आकडा हललाच नाही, आणि वही नसती तर त्या सात आठवड्यांत मी नक्की सोडून दिलं असतं, कारण मनाला तेव्हा ‘आपण मागे चाललोय’ असंच वाटत होतं. वहीत मागे गेल्याचं दिसत नव्हतं.

पण दहाच्या दहा एकाच जागेवरून मारले तर दुसरा धोका असतो. 1979 मध्ये अमेरिकेतल्या शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवून बघितल्या. एक हालचाल सलग घोटणाऱ्यांना शिकताना पटापट जमत गेलं. हालचाली मिसळून करणारे तेव्हा मागे राहिले. दहा दिवसांनी पुन्हा घेतलं तेव्हा मिसळून करणारे पुढे होते. सर, हा तुमचा संकीर्ण उदाहरणसंग्रह! सरळव्याजाची दहा गणितं आपल्याला यायची, कारण वर ‘सरळव्याज’ लिहिलेलं असायचं. संकीर्णमध्ये आधी ओळखावं लागायचं की हे आहे काय. म्हणून माझ्या चाळीस मिनिटांतली पहिली पंधरा कित्त्याची, नंतरची सगळी संकीर्ण.

‘या वयात कशाला?’ हे मला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि या सभागृहातल्या एका मैत्रिणीनेही विचारलंय. तिचं नाव सांगत नाही, ती तिसऱ्या रांगेत आहे. तिला एवढंच सांगते की हात एक्केचाळिसाव्या वर्षीही शिकतो. हळू शिकतो, पण वहीत दिसतं. आणि माझ्या कामात एखादा निर्णय बरोबर होता का ते दोन वर्षांनी कळतं, तेही नीट नाही. इथे तीन सेकंदांत कळतं आणि कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. शनिवारी सकाळचा तो तास घरात आता सगळ्यांना पाठ झालाय. सुरुवातीला क्लबात मी एकटी बाई होते. आता आम्ही चौघी आहोत, त्यातल्या एकीची नात दहावीला आहे.

सध्या वही सातवर आहे. काकांनी परवा बॉलमधलं अंतर वाढवून दिलं, त्यामुळे पुढच्या महिन्यात तो आकडा परत चारवर येईल असा अंदाज आहे. आत पुऱ्या तळायला घेतल्याचा वास येतोय, तेव्हा थांबते.