मागची फळी

वाघोलीत समुद्र नाही. वाघेश्वराच्या देवळापाशी तळं आहे, एवढंच. तरी इथल्या एका शेडमध्ये मी जुनी फायबरची मोटरबोट दुरुस्त करतो आहे. या कामात मी अगदी नवशिका.

फायबर म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट. ती कुजत नाही. कुजतं ते तिच्या आतलं लाकूड. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात, ती वरून चकचकीत आणि आतून भुसा झालेली असू शकते. म्हणून मी छोट्या हातोडीनं फळी इंचाइंचानं ठोकली. खणखणीत आवाज आला तिथलं लाकूड शाबूत. बद्द आवाज आला तिथे खडूची खूण. मग तिथलं फायबर कापून कुजका भाग काढला. घासताना मास्क आणि चष्मा हवाच.

ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, म्हणून पावसाळाभर काम थांबवलं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के. जास्त पडला तर मिश्रण डब्यातच तापून घट्ट होतं.

जुनी बोट घेणार असाल, तर रंगाला भुलू नका. आधी मागची फळी ठोकून ऐका. भर पाण्यात आपली माणसं तिच्याच भरवशावर बसलेली असतात.