श्वासाचे माप



रुग्णाचे सांगणे आणि वैद्याचे पाहणे या दोन आधारांवर वैद्यकशास्त्र हजारो वर्षे चालत आले. गेल्या दोनशे वर्षांत त्यांना तिसरा आधार मिळाला, तो यंत्राचा. १८१६ मध्ये लेनेकने छातीचे ठोके ऐकण्यासाठी नळी वापरली. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण गवसले. पुढे हृदयाची विद्युत कागदावर उमटू लागली. अशी यंत्रे घडविणे, ती माणसाच्या देहाशी जुळविणे आणि ती खरे बोलतात की नाही हे पारखणे, हे काम करणाऱ्या शास्त्रास आज जैववैद्यकीय अभियांत्रिकी म्हणतात. त्याचा विस्तार एका व्याख्यानात मावणारा नाही. म्हणून येथे मुख्यतः एका यंत्राचा, एका अवयवाचा आणि एका स्थळाचा विचार करावयाचा आहे. यंत्र श्वसनमापक, अवयव फुप्फुस, आणि स्थळ भोपाळ शहराच्या उत्तर अंगाचे करोंद. वायुपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय व संशोधन केंद्र तेथे आहे. श्वास मोजण्याच्या विद्येवर किती माणसांचे भवितव्य अवलंबून राहू शकते, हे भोपाळइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसले असेल.

प्रथम यंत्राविषयी. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन या वैद्याने आपल्या श्वसनमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यात पालथे घातलेले एक पात्र, त्याला तोलून धरणारी वजने आणि तोंडात धरावयाची नळी, एवढीच त्याची रचना. माणसाने छाती भरून श्वास घ्यावा आणि सारा नळीत सोडावा; पात्र जितके वर उचलले जाईल तितकी त्याची क्षमता. हचिन्सनने दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला आणि उंचीबरोबर ही क्षमता वाढते असे दाखविले. विमा कंपन्यांना माणसाच्या आयुर्मानाचा अंदाज घेण्यास हे यंत्र उपयोगी पडेल, असे त्याला वाटत होते. म्हणजे श्वासाचे माप आणि पैशाचा हिशेब यांची गाठ अगदी आरंभीच पडली होती.

आजचा श्वसनमापक हातात मावतो. तो मुख्यतः दोन गोष्टी सांगतो: जोर लावून एकूण किती हवा बाहेर टाकली आणि त्यांपैकी पहिल्या एका सेकंदात किती टाकली. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर हवा सावकाश निघते आणि पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. फुप्फुसच ताठर झाले असेल तर तो वाटा टिकतो, पण एकूण हवाच कमी भरते. रोगाची जात ओळखण्यास या दोन आकड्यांचे गुणोत्तर फार मोलाचे ठरते.

परंतु आकडा आला तरी एक प्रश्न उरतोच. तो कमी की जास्त, हे कशाच्या तुलनेत ठरवावयाचे? निरोगी माणसाचा आकडा किती असावा याचे कोष्टक हाताशी नसेल तर यंत्राचे उत्तर अर्धवट राहते. ही कोष्टके दीर्घकाळ युरोप-अमेरिकेतील लोकांवरून तयार होत होती. त्याच वयाच्या आणि उंचीच्या भारतीयांत हे आकडे सामान्यतः कमी भरतात. बालपणीचे पोषण, श्रम, हवा, शरीराची ठेवण अशी त्याची अनेक कारणे सांगितली जातात. परकीय कोष्टक जसेच्या तसे लावले तर धडधाकट माणूस रोगी ठरतो. सरसकट काही टक्के वजा केले तर खरोखरीचा रोगी धडधाकट ठरण्याचा धोका असतो. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे येथल्या माणसांना येथेच मोजणे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या फुप्फुस-क्षमतेची प्रमाणे १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. निरोगी माणसांना रांगेत बसवून नळीत फुंकावयास लावणे हे काम प्रसिद्धीचे नव्हे. परंतु पुढे सात वर्षांनी अशा कामाची किंमत देशाला कळली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले होते आणि आतील मिथाइल आयसोसायनेट उकळू लागले होते. सुमारे ४० टन विषारी द्रव्य वायुरूपाने शहरावर पसरले. हवेहून जड असलेला हा वायू जमिनीलगत राहिला आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरला. डोळे, घसा आणि फुप्फुसे यांचा ओलावा हेच त्याचे पहिले भक्ष्य. त्या वेळच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभागांतील पाच लाखांहून अधिक लोक बाधित मानले गेले. मृतांची संख्या आजही वादाची आहे. भरपाईच्या दाव्यांतच पाच हजारांहून अधिक मृत्यू मान्य झाले आणि पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

जे वाचले त्यांची कथा त्या रात्री संपली नाही. पायऱ्या चढताना धाप, रात्री खोकला, पूर्वी लीलया उचललेले ओझे आता न पेलणे, अशा तक्रारी राहिल्या. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरहून अधिक वायुबाधितांची तपासणी करून आपली आरंभीची निरीक्षणे १९८५ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे पाठपुरावा करून १९८७ मध्ये आणखी निष्कर्ष मांडले. फुप्फुसावरील परिणाम काही आठवड्यांत ओसरणारे नाहीत, हे मोजमापासह सांगणाऱ्या पहिल्या अभ्यासांत त्यांची गणना होते. निरोगी भारतीयाचा श्वास किती, याचा अभ्यास ज्यांनी आधी केला होता त्यांनीच पीडितांचाही श्वास मोजला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास मापाची दुसरी बाजूही दिसली. नुकसानभरपाईसाठी प्रत्येकाच्या इजेची वर्गवारी करावयाची होती. तपासलेल्या साडेतीन लाखांहून अधिक प्रकरणांपैकी दीड लाखांहून अधिक लोकांपुढे ‘इजा नाही’ असा शेरा पडला. ज्यांच्याजवळ त्या दिवसांचा केसपेपर नव्हता, ज्यांची योग्य चाचणी झाली नव्हती, त्यांची धाप कागदावर उमटलीच नाही. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याकडे कचेऱ्यांचा कल असतो. या शेऱ्यांविरुद्ध पीडितांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या.

त्यात शास्त्राचीही एक अडचण होती. फुप्फुसात शिरलेली हवा झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत अतिशय बारीक नलिकांत पोहोचते. विकार या बारीक नलिकांत असेल तर पहिल्या सेकंदाचा आकडा जवळजवळ ठीक येऊ शकतो. उणीव दिसते ती श्वास सोडण्याच्या मधल्या टप्प्यातील वेगात. जानेवारी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने भोपाळमध्ये ४५४ प्रौढांची पाहणी केली आणि त्यांतील ७४ जणांची श्वसनचाचणी घेतली. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांत तक्रारी अधिक आणि मधल्या टप्प्याचा वेग कमी, असे आढळले. १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दुर्घटनेनंतर दहा वर्षांनीही बारीक श्वासनलिकांचा अवरोध टिकून असल्याचे दाखविले. पीडितांच्या सांगण्याला अशा रीतीने यंत्राने दुजोरा दिला. पण त्यासाठी यंत्राला कोणता प्रश्न विचारावयाचा हे आधी माणसाला सुचावे लागले.

करोंदचे रुग्णालय याच संघर्षातून जन्मले. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पीडितांसाठी ५०० खाटांच्या रुग्णालयाचा खर्च कंपनीने सोसावा, असे सांगितले. पुढे कंपनीचे जप्त झालेले भारतीय समभाग विकून पैसा उभा राहिला आणि २००० मध्ये रुग्णालय सुरू झाले. २०१२ पासून ते केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत आहे. फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड अशा विकारांवरील उपचार पीडितांना तेथे विनामूल्य मिळावेत, हा त्यामागील हेतू.

अशा रुग्णालयात अभियंत्याचे काम यंत्र विकत घेतल्यावर संपत नाही. तेथूनच ते सुरू होते. श्वसनमापकाची परीक्षा घेण्यासाठी तीन लिटर हवा मावणारी एक मोठी सिरिंज असते. ती यंत्रात रिकामी केल्यावर यंत्राने तीन लिटरच सांगावयास हवे. ही परीक्षा नेमाने झाली नाही तर त्या दिवसाच्या साऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. शेजारी बसणाऱ्या तंत्रज्ञाचे महत्त्वही तेवढेच. रुग्णाने पूर्ण जोराने, शेवटपर्यंत फुंकले पाहिजे. त्यासाठी त्याला त्याच्या भाषेत धीर देणारा माणूस लागतो. थकलेल्या म्हातारीने अर्ध्यावर सोडलेला श्वास यंत्र निमूटपणे नोंदवील, कारण समजून घेणार नाही.

यंत्र कोणाच्या देहावर पारखले गेले हा प्रश्न केवळ श्वसनमापकापुरता नाही. बोटाला चिमट्यासारखे लावले जाणारे पल्स ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचले. जपानी अभियंता ताकुओ आओयागी याने १९७४ मध्ये त्याचे तत्त्व शोधले. प्राणवायूने भरलेले रक्त आणि त्यावाचूनचे रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा हा बदल टिपून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काढता येते; सुईची गरज राहत नाही. असंख्य प्राण या चिमट्याने वाचविले. तरीही २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की प्राणवायूची खरी कमतरता या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गौरवर्णीयांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही श्वसनचाचणीत वंशानुसार निराळी कोष्टके वापरण्याची प्रथा सोडावी अशी शिफारस केली. म्हणजे ‘प्रमाण’ माणूस कोण, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या गरजेनुसार यंत्र घडविण्याचे धैर्यही देशाने दाखविले आहे. संधिवाती ज्वराने हृदयाची झडप निकामी झालेल्या गरीब रुग्णांना परदेशी झडप परवडत नसे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अभियंते आणि शल्यविशारद वर्षानुवर्षे एकत्र राबले. आधीचे नमुने चाचण्यांत अपुरे ठरले. ते टाकून देण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी दाखविला आणि डिसेंबर १९९० मध्ये चित्रा झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. आयात झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त होती. संशोधनाने आरोग्य सुधारते ते असे: शोध, परीक्षा, अपयशाची कबुली आणि शेवटी सामान्य माणसाच्या आवाक्यातील किंमत.

तथापि उत्तम यंत्रही बंद दाराआड निरुपयोगी असते. मार्च २०२० मध्ये करोंदचे हे रुग्णालय केवळ करोनाग्रस्तांसाठी राखून ठेवण्याचा आदेश निघाला आणि ज्यांच्यासाठी ते बांधले होते त्या वायुपीडितांनाच तेथून जावे लागले. प्रकरण न्यायालयात गेले आणि एप्रिलमध्ये आदेश मागे घेण्यात आला. आधीच दुबळी झालेली फुप्फुसे बाळगणाऱ्यांसाठी ते आठवडे फार मोठे होते.

९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पीडितांच्या वैद्यकीय नोंदींचे संगणकीकरण करावे आणि प्रत्येकाला आरोग्य पुस्तिका द्यावी, असे सांगितले होते. शंभर वर्षे दाखल-नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेला या आदेशाचा अर्थ निराळा समजावून देण्याची गरज नाही. ग्रंथ कपाटात असतो. पण त्याची नोंद हरवली तर वाचकाच्या दृष्टीने तो नाहीसाच होतो. करोंदच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या वृद्धेची धाप चाळीस वर्षांहून जुनी आहे. तिचा आजचा आकडा, दहा वर्षांपूर्वीचा आकडा आणि त्याआधीचा आकडा एका पुस्तिकेत शेजारी शेजारी असले, तरच तिचा श्वास किती आणि कसा घटला हे वैद्याला कळेल. त्या तीन आकड्यांसाठी अचूक यंत्र हवे, येथल्या माणसांचे कोष्टक हवे, धीर देणारा तंत्रज्ञ हवा आणि कागद जपणारा कारकूनही हवा. यांतील एकही दुवा तुटला तर तिच्या नावापुढे पुन्हा ‘इजा नाही’ असेच लिहिले जाईल.

नोंदी जपण्याचे व्रत शंभर वर्षे सांभाळणाऱ्या या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास शुभेच्छा.