पाना आपला, कुलूप कंपनीचं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "आता घरी काही दुरुस्त करणं बेकायदा झालंय का?" तर मी नियम काढून वाचले.

आधी घर. विजेचं काम परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं, हे १९५६ च्या वीज नियमांतसुद्धा होतं. पण त्यातच सूट होती. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला परवाना नको, फक्त जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे जळका स्विच तुम्ही बदला (मेन बंद करून, प्लीज!), पण गीझरसाठी नवी लाइन ओढायची तर वायरमन बोलवा. मला हे पटतं. बारीक वायरवर गीझर चालवला आणि आग लागली, तर ती शेजाऱ्याचं दार बघून थांबत नाही.

गाडीचंही साधारण तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बोट ठेवतं ते फेरफारावर. आरसीवर एक आणि रस्त्यावर दुसरीच गाडी, हे चालत नाही. एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण स्पार्क प्लग, चेन, ब्रेक शू, ऑइल? खुशाल बदला.

मग घोडं अडतं कुठे? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर कमी करायचा तर पेट्रोल अगदी मोजून जाळायला हवं. म्हणून बहुतेक दुचाक्यांतला कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसला. बिघाड झाला की दिवा लावणारी यंत्रणाही नियमाने सक्तीची झाली. सिग्नलला नाक दाबून उभं राहणाऱ्या माझ्यासारख्याची याला काहीच हरकत नाही.

पण दिवा का लागला, ते कोण सांगणार? काही गाड्यांत त्याची उघडझाप मोजून कोड कळतो. नाहीतर स्कॅनर हवा. त्यातही सॉकेट वेगवेगळे, आणि सगळी माहिती स्वस्तातल्या स्कॅनरला मिळेलच असं नाही. नाक्यावरचे गॅरेजवाले काका पूर्वी कार्बोरेटर खोलायचे, जेटमध्ये फुंकर मारायचे, स्क्रू पाव फेरा फिरवायचे, की गाडी सुरू! आता तेच काका दिवा बघून म्हणतात, "शोरूमला न्या." इतक्या वर्षांचा हात, आणि गिऱ्हाईक परत पाठवायचं.

धुरावर मर्यादा सरकारने घातली, ठीक. पण कोडचा अर्थ फक्त शोरूमलाच कळावा, ही धुराची गरज नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्यावर आपल्या गाडीचं काय काय आहे, ते एकदा बघाच.

आणि पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा फॉल्ट कोड बिलावर लिहून मागा. तेवढा आकडा काकांना दाखवता येतो.