किल्ल्यांची पेटी आपल्या दारात

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आपल्या गटाची पैशांची पेटी डोळ्यांसमोर आणा. तीन कुलपं, तीन किल्ल्या, तिघींकडे. एकटीने उघडू म्हटलं तरी उघडत नाही. आता सांगा, गटाचे पासवर्ड कुठे असतात? एकीच्या डोक्यात, नाहीतर वहीच्या मागच्या पानावर.

आमच्या प्रभागसंघातही तेच होतं. मसाल्याच्या अन्न परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा पासवर्डची वही पावसात भिजलेली आणि तो लिहिणारी ताई बाळंतपणाला माहेरी. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबलं, तर ओटीपी गेला बंद पडलेल्या नंबरवर. तालुक्याला चार खेपा झाल्या, मजुरी बुडाली, दिवाळीची ऑर्डर हातची गेली. चूक त्या ताईची नव्हती. सगळा भार एकीवर टाकणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती.

मग आम्ही पासवर्ड मॅनेजरची माहिती घेतली. ही मोबाईलवरची तिजोरी. आत सगळे पासवर्ड, आणि उघडायला एकच मुख्य पासवर्ड. बहुतेक तिजोऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. 2022 साली लास्टपास या कंपनीच्या साठ्यातून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. तिजोऱ्यांना कुलूप होतं, पण मुख्य पासवर्ड सोपा असेल तर चोर सवडीने ते उघडू शकतो. म्हणून पेटी कुठेही ठेवा, मुख्य पासवर्ड लांबच हवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको.

आम्ही पेटी आपल्याच कार्यालयात ठेवायचं ठरवलं. व्हॉल्टवॉर्डन नावाचा फुकट, हलका प्रोग्रॅम आहे, तो साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. मोबाईलवर बिटवॉर्डनचं ॲप घ्यायचं आणि त्यात आपल्या सर्व्हरचा पत्ता टाकायचा. एका ताईच्या भाचीने हे बसवून दिलं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशी तिघींची वेगवेगळी खाती काढली आणि संघाचे पासवर्ड सामाईक कप्प्यात ठेवले. खाती झाल्यावर नवीन नोंदणी बंद केली. सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटला जोडलेला नाही, तो फक्त कार्यालयाच्या वायफायवर दिसतो. वीज गेली तरी मोबाईलमध्ये उतरलेली प्रत वाचता येते. नवीन नोंद मात्र कार्यालयात आल्यावरच करायची.

आम्हाला वाटलं, झालं काम! पण पेटी आपल्या दारात आली की राखणही आपलीच. कॉम्प्युटर जळला तर? म्हणून दर आठवड्याला पेनड्राइव्हवर प्रत काढायचं ठरलं. दोन महिन्यांनी भाचीने विचारलं, “प्रत उघडून पाहिलीत का?” पाहिली, तर पेनड्राइव्ह रिकामा! आम्ही दर आठवड्याला नेमाने तो लावत होतो आणि काढत होतो, एवढंच.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी उमगली. आधी सगळं एका ताईच्या डोक्यात होतं, आता एका भाचीच्या डोक्यात. उद्या तिला शहरात नोकरी लागली तर? मग तिच्याकडून एकेक पायरी मराठीत वहीत लिहून घेतली. तिला बाजूला बसवलं आणि आम्ही तिघींनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या प्रतीवरून पेटी पुन्हा उभी केली. अख्खी दुपार गेली, चहा तीनदा झाला, पण जमलं. ती पेटी खऱ्या अर्थाने त्या दिवशी आमची झाली.

आता मासिक सभेत तीन प्रश्न ठरलेले आहेत. प्रत काढली का? उघडून पाहिली का? प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली का? एक प्रत कपाटात असते, दुसरी वेगळ्या गावात. पदाधिकारी बदलली की तिचं खाते बंद करायचं आणि सामाईक पासवर्डही बदलायचे.

बँकेचा पिन आणि ओटीपी मात्र या पेटीत कधीच नको. ते कुणालाच सांगायचे नसतात, मैत्रिणीलाही नाही.

तुमच्या गटात हे सांभाळणाऱ्या दोघी-तिघी नसतील, तर स्वतःच्या सर्व्हरचा हट्ट धरू नका. बिटवॉर्डनच्या स्वतःच्या सर्व्हरवर साधं खाते फुकट मिळतं. त्यात कमीपणा नाही. राखण न केलेल्या घरच्या पेटीपेक्षा ते बरं.

आणि मुख्य पासवर्ड विसरला तर? तो सर्व्हरलाही माहीत नसतो, त्यामुळे परत मिळत नाही. म्हणून आम्ही तिघींनी आपापला पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद केला. ती तीन पाकिटं कुठे आहेत, ठाऊक आहे? आपल्या त्याच जुन्या, तीन कुलपांच्या पेटीत.

येत्या सभेत एवढंच विचारा, ‘आपले पासवर्ड आज किती जणींना उघडता येतात?’ उत्तर ‘एक’ आलं, तर कामाला लागा.