गणपतीनंतर क्रीटला जायचंय?

सप्टेंबरात कात्रजचा घाट हिरवागार असतो, तेव्हा भूमध्य समुद्रातलं ग्रीसचं क्रीट बेट मात्र कोरडं असतं. तिथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि ऊन ओसरलेलं, पण उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट. म्हणून गणपतीनंतरचे दिवस या सहलीला उत्तम.

तयारी मात्र उन्हाळ्यातच सुरू करा. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा हवा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे. म्हणून एकाच गावी मुक्काम ठोकू नका. काही दिवस इराक्लिओनला राहून क्नोसोसचा प्राचीन राजवाडा पाहा, उरलेले पश्चिमेच्या हानियाला द्या. गाडी चालवणार असाल, तर पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. शाकाहारी मंडळींनी ‘डाकोस’ जरूर खावा: जवाचा टोस्ट, वर टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेल.

मुंबई विमानतळासाठी निघताना नवले पुलावरची कोंडी हिशेबात धरा, घरून लवकर निघा.