चोविसाव्या हिश्श्याची मोटार

(गणेशोत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसता 'छंद' एवढाच शब्द छापला आहे. माझ्यानंतर लगेच अथर्वशीर्ष पठणाची बक्षिसे आहेत, तेव्हा मुलांच्या चुळबुळीची जाणीव ठेवूनच बोलतो. विषय आहे प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून मोटारगाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती जोडण्याचा, आणि त्यातही पहिल्याच गाडीचा. दुसरी, तिसरी गाडी ज्याची त्याला जमते. अडते ते पहिलीपाशी.

चाकांवर चालणारी छोटी प्रतिकृती आपल्याला नवीन नाही. चारच दिवसांपूर्वी पोळा झाला. आपल्यापैकी जे नागपूरकडचे आहेत त्यांनी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल दोरीने ओढला असेल. इथे रायपूरच्या बाजारात पोऱ्याला मातीचे नांदिया बइला मिळतात, मातीच्याच चाकांचे. पण त्या बैलाला प्रमाण नसते. कारागिराच्या मनात असेल तेवढे वशिंड. मोटारीच्या संचात मात्र सगळे मोजून असते. नेहमीचे प्रमाण एकास चोवीस, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच. आपली जुनी अँबॅसॅडर या मापाने अठरा सेंटिमीटर होईल, मारुती ८०० चौदाला किंचित कमी भरेल, आणि साडेपाच फुटी ड्रायव्हर सात सेंटिमीटरचा. हे चोवीस लक्षात ठेवा, रंगाच्या वेळी ते पुन्हा लागणार आहे.

खोके उघडले की गाडी दिसत नाही. दिसतात त्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना फळांसारखे लटकलेले भाग: दारे, आसने, स्टिअरिंग, आरसे. पारदर्शक काचा वेगळ्या, रबरी टायर वेगळे, पाण्यात भिजवून लावायची नक्षी वेगळी, आणि क्रमांक घातलेला सूचनांचा कागद. उरला-सिलतऱ्याच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांना ही चौकट ओळखायला सांगावे लागणार नाही. आपण जिला रनर म्हणतो तीच ही. वितळलेला रस ज्या वाटेने साच्यात शिरला ती वाट, आणि भागाला जिथे चिकटली आहे ते गेट. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली बारीक रेघही तशीच, आणि भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसेसुद्धा. माझ्या एका सहकाऱ्याने खोके बघून पहिला प्रश्न विचारला, "फेटलिंग कौन करेगा?" अगदी बरोबर प्रश्न. या छंदाचा निम्मा वेळ फेटलिंगचाच असतो.

असे संच निघाले कसे, तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडची एअरफिक्स कंपनी आधी प्लास्टिकचे कंगवे करायची. १९४९ मध्ये तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी केली. जोडून देण्याचा व्याप मोठा, म्हणून पुढे तेच भाग सुटे विकायला काढले. जपानच्या शिझुओका गावची तामिया कंपनी १९४६ साली लाकूड व्यवसायातून उभी राहिली, लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली. आज भाग एकमेकांत चपखल बसण्याच्या बाबतीत नवशिक्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा अशा कंपन्यांत मी तिला वर ठेवीन. आपल्याकडे एवढ्या नेटाने छोटे जग उभे करण्याचे उदाहरण बघायचे तर पुण्याला गेलात की कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय बघा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे गाडी, सिग्नल, गाव, रस्ते सगळे चालते. ते पाहून घरी काही करावेसे वाटले नाही असा माणूस विरळा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या वसाहतीतल्या एका मुलाला, नाव सांगत नाही, नातेवाइकांनी वाढदिवसाला शर्यतीच्या मोटारीचा भला मोठा संच पाठवला. शेकडो भाग, इंजिनासकट. मुलगा सातवीत. त्याने उत्साहाने सगळे भाग पहिल्याच संध्याकाळी चौकटीतून पिळून तोडले, कारण कात्री जाड होती. क्रमांक चौकटीवर राहिले, भाग ताटलीत मिसळले, आणि समोरच्या काचेचा खांब मोडला. खोके कपाटावर गेले. वडिलांना खर्चाचे वाईट वाटले, ते साहजिक आहे. मला वाईट वाटले ते मुलाच्या वाक्याचे. तो म्हणाला, "काका, माझ्या हाताला हे येतच नाही." सातवीतल्या मुलाने स्वतःच्या हातांबद्दल असा निकाल देऊन टाकावा, आणि तो एका चुकीच्या खोक्यावरून!

म्हणून पहिल्या संचाविषयी माझे मत ठाम आहे. तो लहान असावा, साध्या गाडीचा असावा आणि तो पूर्ण झालाच पाहिजे. जपानच्याच आओशिमा कंपनीचे एकास बत्तीस मापाचे काही संच असे आहेत की भाग आधीच रंगीत असतात आणि गोंदाशिवाय एकमेकांत बसतात. त्यात सुझुकीची तीन दारांची जिम्नीही आहे. तिची पाच दारांची बहीण २०२३ पासून आपल्या रस्त्यांवर दिसते. जाणकार लोक अशा संचांना नाक मुरडतात. मुरडू देत. त्या मुलाबरोबर आम्ही तसाच संच घेऊन बसलो. प्रत्येक भाग तोडण्याआधी कागदावर खूण करायची, एवढी एकच अट. दोन रविवारांत गाडी चाकांवर उभी राहिली. नंतर त्याने कपाटावरचे खोके स्वतः खाली काढले आणि ताटलीतले भाग चित्राशी ताडून निवडायला बसला. ती मोठी गाडी अजून व्हायची आहे. पण खोके आता कपाटावर नाही.

मी स्वतः सुरुवात केली ती तामियाच्या १९६६ सालच्या फोक्सवॅगन बीटलपासून. गोल, ओळखीची, एका रंगात शोभणारी गाडी. ती बाहेर टेबलावर ठेवली आहे.

कृती सांगायची तर आधी चौकटी कोमट पाण्यात साबणाने धुवाव्यात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग कापताना गेटला चिकटून कापू नये. थोडे लांबून एकदा, मग जवळून दुसऱ्यांदा. खास कटर नसेल तर चांगले नेलकटर चालते. उरलेला कोंब वॉटर पेपरने घासावा, आधी ४००, मग ६००, मग १०००. हा कागद गाड्यांचे रंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. खरे तर रायपुरात या छंदाचे सगळ्यात चांगले गुरू डेंटिंग-पेंटिंगवाले आहेत. प्रायमर, पुट्टी, मास्किंग टेप, कुठला कागद कधी, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्यापाशी अर्धा तास नुसते उभे राहा.

भाग घासला की गोंद न लावता जोडून बघायचा. कंटाळवाणे आहे, पण यात सूट नाही.

गोंदाची गंमत मखर करणाऱ्यांना पटकन कळेल. थर्मोकोलच्या मखराला तेलरंगाचा किंवा थिनरचा हात लागला की ते विरघळून खड्डा पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. (१ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे, तेव्हा आता आठवणीच.) थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, आणि या संचातले प्लास्टिक म्हणजे न फुगवलेले पॉलिस्टायरीन. संचाचा गोंद हा मुळात द्रावकच असतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. वेल्डिंगच म्हणा ना. म्हणून गोंद थेंबभरच हवा. दोन भाग धरून फटीशी ब्रश टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. जास्त झाला तर मखरासारखाच खड्डा. काचांना मात्र हा गोंद नको आणि फेविक्विकही नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. काचांना आपला साधा फेविकॉल. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या बोटाने पुसता येतो.

रंगाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण पुष्कळ गाड्या इथेच अडून राहतात. सूचनांच्या कागदावर बॉडी बहुधा शेवटी येते. मी ती आधी घेतो. तिला रंग देऊन वाळायला ठेवावी आणि मग आठवडाभर चॅसिस, आसने, डॅशबोर्ड करत बसावे. आता ते चोवीस आठवा. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड झाल्यासारखा दिसेल. दारांच्या फटी बुजतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी होते. त्यामुळे पातळ हात, मध्ये थांबणे, पुन्हा पातळ हात. मोटारींच्या दुकानातला स्प्रे वापरायचा असेल तर आधी रिकाम्या चौकटीवर मारून बघा. काहींतला थिनर एवढा जहाल असतो की प्लास्टिकला भेगांची जाळी पडते. लाल प्लास्टिकवर पांढरा रंग देऊ नका, लाली वर येऊन गाडी गुलाबी होते.

आणि आपल्या गावाचे हवामान! पावसाळ्यात, म्हणजे या भाद्रपदातसुद्धा, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि चकाकीवर पांढरट धुके येते. मे महिन्यातल्या उन्हात रंग बॉडीपर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपार, हा रायपूरचा मुहूर्त. राहिली आपली काळी धूळ, तिच्याबद्दल मी काय सांगू, खिडकीच्या पट्टीवर रोज बोट फिरवणाऱ्या गृहिणी इथे बसल्या आहेत. रंग दिल्याबरोबर गाडीवर खोके पालथे घालावे. फरशी आधी ओली करून घेतली तर धूळ उडत नाही.

गाडीच्या खिडक्यांभोवतीची चंदेरी किनार आमच्या सौ.ने ओढली. रांगोळीची बारीक रेघ ज्या हाताला येते, त्या हाताला ती येते. मी फक्त गाडी धरली.

पालकांसाठी एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. स्प्रे आणि थिनर बंद खोलीत वापरायचे नाहीत. धुळीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बनची डबी असलेला मास्क लागतो. लहान मुलांना पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि ब्रश द्यावेत. पात्याचा चाकू वापरायचा तो मोठ्यांच्या नजरेसमोर, आणि पाते बोटांपासून दूर जाईल असा.

खर्चाचे विचारतात, तेव्हा लपवत नाही. चांगला संच दोन ते चार हजारांत जातो आणि तेवढ्याच्या आसपास हत्यारे-रंगांना पहिल्यांदा लागतात. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये सत्तर. प्रतिकृतींचे संचही त्याच वर्गात मोडतात. तयार छोटी गाडी दोनशे रुपयांत मिळते, मग हे कशाला, असे आमच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी विचारले. मी त्यांना बीटलचे पुढचे एक चाक बसवायला दिले. पाऊण तास ते बोलले नाहीत. जेवणाची सुट्टी संपल्याचे मलाच सांगावे लागले.

एक मात्र कबूल केले पाहिजे की यातून कोणी मोटार इंजिनिअर होत नाही. पुष्कळ संचांत इंजिन नसतेच, बॉनेट बंद असते. मुलगा अभ्यासात पुढे जाईल म्हणून आणणार असाल तर आणू नका. ज्याला गाडी उलटी करून तिची खालची बाजू बघावीशी वाटते, त्याच्यासाठी आणा.

डिसेंबरातल्या दोन रविवारी, सकाळी दहा वाजता, मंडळाच्या मागच्या अंगणात आपण हे प्रत्यक्ष करणार आहोत. कटर आणि कागद मी आणीन. पहिल्या रविवारी फक्त कापणे, घासणे आणि जोडून बघणे. रंग दुसऱ्या रविवारी. घरात बंदीपूर्वीचे प्लास्टिकचे पांढरे चमचे पडून असतील तर फेकू नका, घेऊन या. त्यांचा उलटा फुगवटा थेट बॉनेटसारखा असतो, रंगाचा हात त्यावरच बसवू. बाहेरच्या टेबलावरची गाडी सर्वांनी बघावी, मात्र छतावर बोट टेकवू नये. तो शेवटचा हात अजून पुरता वाळलेला नाही. पावसाळा आहे.